आत्या सुनेला हात लावत नव्हत्या

घरात विजेचा झटका जिथं बसतो, बिघाड तिथंच असतो असं नाही. हे मला आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आमच्या गल्लीत कुणाचं वॉशिंग मशीन चावायला लागलं, कुणाच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या, की बायका आधी मला हाक मारतात आणि मग वायरमनला फोन करतात. मी टेस्टर घेऊन जाते, पायातल्या चपला काढू नका म्हणून सगळ्यांना दटावते आणि घरातली एकेक वस्तू बंद करत करत चोर पकडते. बायका म्हणतात, "तुझं डोकं लई चालतंय बाई." मी हसते आणि चहा पिते. हे डोकं मला कुठून आलं ते मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर चहा द्यायच्या बंद होतील.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा साखर कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापुरात, कळंब्याच्या अंगाला, हे छोटं घर बांधलं आणि वायरिंग स्वतःच्या हातानं केलं. त्यामुळं विजेच्या बाबतीत आमच्या घरात दुसऱ्या कुणी डोकं लावायचं कारणच नव्हतं. माझा नवरा त्यांचाच मुलगा, पण बल्ब बदलायचा म्हटलं तरी दोन पावलं मागं सरकणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही घरातच पाळलाय. त्याचं शिरोळला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सकाळी लवकर जातो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर घरात मी, माझी शाळेत जाणारी मुलगी, मामा आणि आत्या.

आत्यांची एक खोड होती. हात लावल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं टकटक आपटायच्या आणि मग वाक्य सुरू. भाजीवालीला टक, डॉक्टरला टक, देवळातल्या गुरवालाही टक. मामांच्या मनगटावर तर दिवसभर चालायचं. फक्त मला त्यांनी कधी हात लावला नाही. माझ्याशी बोलताना त्यांचा हात पदरात असायचा.

कारण साधं होतं. त्यांना भावाची मुलगी सून म्हणून आणायची होती. आमच्या भागात ही जुनी रीत, म्हणून तर सून सासूला आत्या म्हणते. पण त्यांच्या मुलानं मला पसंत केलं. मग मी आत्या म्हणून हाक मारली की त्यांना ती भाचीऐवजी परकीच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटत असणार. त्यांनी मला छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माहेरचं काढलं नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू केले आणि ताट माझ्यासमोर ठेवून दारात उभ्या राहिल्या. हात तेवढा कधी लावला नाही. सुरुवातीला मला बरं वाटायचं, कटकट नाही म्हणून. पुढं पुढं ते लागायला लागलं.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांना सारखा होता. स्वयंपाकघरात चप्पल नाही. माझ्या टाचा दुखायच्या, डॉक्टरनं घरात मऊ चप्पल घालायला सांगितलं होतं, पण त्या उंबऱ्याच्या आत चप्पल घेऊन जायची कुणाची टाप नव्हती. "अन्न शिजतंय तितं, बाजार न्हाय," एवढंच म्हणायच्या.

पावसाळा सरता सरता आत्या गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मामा तेरा दिवस खुर्चीत ताठ बसून होते. येणारे जाणारे म्हणत, म्हातारा घट्ट आहे. दिवाळी आली आणि साजरी न होताच गेली. थंडी गेली. आम्ही हळूहळू मोठ्यानं बोलायला लागलो.

पाडव्यानंतरची गोष्ट असेल. मामा बाजारातून रबरी चपलांचे तीन जोड घेऊन आले. एक मला, एक मुलीला, एक नवऱ्याला. म्हणाले, "घरात घालायच्या. सैपाकघरात बी. फरशी गार लागती."

बाहेर डांबर वितळत होतं आणि यांना फरशी गार लागत होती. मी विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मला न्हाय सवय."

मला आनंद व्हायला हवा होता, टाचांची सोय झाली म्हणून. पण मला रागच आला. जिच्या नियमासाठी मी वर्षानुवर्षं टाचा दुखवून घेतल्या, तिला जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर तिच्या नवऱ्यानंच तो मोडावा? मी चपला घातल्या, पण पहिले काही दिवस उंबऱ्यात पाय अडखळायचा. दारात कुणी उभं आहे असं वाटायचं.

मग मामांनी सकाळची कामं आपल्याकडं घेतली. सगळ्यांच्या आधी उठायचे, स्वयंपाकघराची फरशी ओल्या फडक्यानं पुसायचे, गिझरचं बटण टाकायचे, फ्रीजमधून दूध काढून ओट्यावर ठेवायचे. गिझर बंद करून मगच आम्हाला हाक मारायचे. नवरा म्हणाला, "आई करायची ते सगळं आबा करायला लागलेत. करू देत." मलाही ते पटलं. माणूस गेलं की त्याची कामं करून बघतात लोक, त्यात जीव रमतो.

एका सकाळी मला लवकर जाग आली म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मामा फ्रीजसमोर उभे होते. पाय अनवाणी, फरशी ओली. उजवा हात फ्रीजच्या लोखंडी मुठीवर. फ्रीज उघडत नव्हते, नुसते धरून उभे होते. डोळे मिटलेले आणि हात कोपरापर्यंत थरथरत होता. चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नव्हतं. लाजल्यासारखे हसत होते.

"मामा?" मी हाक मारली.

त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "तुझी आत्या आलीया."

मी पुढं झाले, धीर करून मुठीला हात लावला. थंडगार लोखंड, बाकी काही नाही.

"कुठाय मामा? मला तर काहीच लागत नाही."

"तुला न्हाय लागायची," ते म्हणाले. "मनगटापातूर येती. ती कशी टकटक करायची, अगदी तशीच."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारपणी हाताला मुंग्या येतात. मी म्हटलं, विजेचा काही बिघाड असेल तर? त्यावर तो हसला. "अगं, सगळा जन्म वायरीत गेला त्यांचा. बिघाड असता तर त्यांना कळला नसता?" घरात वायरमन असल्यावर बाहेरच्या वायरमनला कोण बोलावतं? तसं केलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता. आणि मी स्वतः हात लावून बघितलं होतं की.

पण त्यानंतर मला ते घर सकाळच्या वेळी नकोसं व्हायला लागलं. अंथरुणात पडल्या पडल्या मामांचं फडकं फरशीवरून फिरताना ऐकू यायचं. मग बटणाचा आवाज. मग शांतता. त्या शांततेत काय चाललंय ते मला माहीत असायचं. आत्या जिवंत असताना मामा-आत्या दार लावून बोलत असले की मी तिकडं फिरकायची नाही, तशीच आताही पडून राहायची.

आत्यांची मुलगी, माझी नणंद, पेठ वडगावला दिलेली आहे. वन्सं उन्हाळ्यात दोन दिवस राहायला आल्या. पाहुणी बाई, चपला बाहेर काढून आली, तशीच घरात वावरत होती. दुसऱ्या दिवशी मामा दूध आणायला कोपऱ्यावर गेलेले. वन्संनी आंघोळीसाठी स्वतःच गिझर लावला आणि पाणी प्यायला म्हणून फ्रीज उघडायला गेल्या. मी देवाजवळ दिवा लावत होते. किंकाळी ऐकून धावले. वन्सं ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या, हात दुसऱ्या हातानं घट्ट धरलेला.

"वहिनी, आईनं हात धरला माझा," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

तेवढ्यात मामा आले. काय झालं ते कळल्यावर ते मुलीवर असे ओरडले की शेजारी बाहेर आले. "कुणी सांगिटलं तुला हात लावायला? मी घरात नसताना गिझर लावायचा न्हाय, फ्रीज उघडायचा न्हाय, कुणीच न्हाय!" मला वाटलं, म्हाताऱ्याला वाटेकरी नको आहे. संध्याकाळी त्यांनी आणखी दोन जोड रबरी चपला आणून दारात ठेवल्या, पाहुण्यांसाठी.

वन्सं जाताना हळूच म्हणाल्या, "वाडीला, देवाला जाऊन येऊया. आईचं कायतरी राहिलंय मनात." माझी मुलगी हे ऐकत होती. ती मैत्रिणींना सांगून आली की आमची आज्जी फ्रीजमध्ये असते. दोन दिवस गल्लीतली पोरं आमच्या खिडकीतून डोकावत होती.

आता खरं सांगते. भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. आत्या नवऱ्याला भेटत होत्या, मुलीला भेटल्या. मी रोज दहादा त्या मुठीला हात लावत होते आणि मला काही नाही. मेल्यावरसुद्धा सुनेला हात लावायचा नाही, इतका राग? एका दुपारी घरात कुणी नसताना मी फ्रीजची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्या, शेवटचे चार दिवस तुमचं सगळं मी काढलं. तुमच्या मुलीनं नाही, मी." फ्रीज नुसता घुं घुं करत राहिला. मला इतका राग आला की मी दाराला लाथ मारली. मग बसून रडले.

अक्षय तृतीयेला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात आणि नैवेद्य दाखवतात. उन्हाळ्यात त्यांना तहान लागते म्हणून. आत्या गेल्यानंतरची ही पहिलीच अक्षय तृतीया होती. नैवेद्य करायचा तो आत्यांच्या पद्धतीनंच करायचा असं मी ठरवलं. लवकर उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, तेही गारच, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून स्वयंपाकघरात गेले. फरशी पुसून झाली होती, पायाला ओल लागली. मामा दूध आणायला बाहेर पडले होते. आमरसासाठी काढून ठेवलेले आंबे फ्रीजमध्ये होते. मी मुठीला हात घातला.

मनगटावर टकटक झालं.

मी हात काढला नाही. माझ्या तोंडातून "आत्या" एवढंच निघालं. हात कोपरापर्यंत थरथरत होता आणि मला भीतीनं मेल्यासारखं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की ते कसं सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिथं उभी राहून रडत होते. मनात म्हणत होते, आज आलात, नैवेद्याला आलात, माझ्या हातचं खायला आलात.

मग नजर खाली गेली. ओल्या फरशीवर माझे उघडे पाय.

मी हात सोडला. उंबऱ्याबाहेर गेले, चपला घातल्या, परत आले, मूठ धरली. काही नाही. चपला काढल्या, पुन्हा धरली. टकटक. मामा अनवाणी, वन्सं अनवाणी, आज मी अनवाणी. आत्या माणसं निवडत नव्हत्या.

मामांची जुनी हत्यारांची पिशवी कपाटात होती. त्यातला टेस्टर मी काढला. मामांनीच एकदा नातीला शिकवलेलं मला आठवत होतं. सॉकेटमधलं वरचं मोठं भोक म्हणजे जमिनीकडं जाणारी वाट, तिथं टेस्टर कधीच लागत नाही, लागला तर समजायचं घरात चोर शिरलाय. मी चपला घालून फ्रीजशेजारच्या मोकळ्या सॉकेटमध्ये वरच्या भोकात टेस्टर घातला. लाल उजेड पडला. वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये घातला, तिथंही तेच. मग घरात चालू काय काय आहे ते एकेक बंद करत गेले. पंखा बंद केला, उजेड तसाच. फ्रीजचं बटण बंद केलं, तरी तसाच. म्हणजे फ्रीजचा काही दोष नव्हता. न्हाणीघरातला गिझर आज मामा घाईत चालूच ठेवून गेले होते, तो बंद केला आणि टेस्टर विझला. पुन्हा लावला, पेटला. बंद केला, विझला. हेच मी वेड्यासारखं किती वेळ करत होते कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी विझला की आत्या थोड्या थोड्या मरत होत्या.

गिझर न्हाणीघरात आणि झटका स्वयंपाकघरात, हे कसं? मीटरच्या पेटीतून एक हिरवी वायर भिंतीवरून खाली उतरून मागच्या दारी जाते. मी तिच्यामागं गेले. परसातल्या कोपऱ्यात सिमेंटचं एक कडं आहे, त्याच्यात ती वायर जमिनीत शिरते. त्या कड्यात आत्यांची तुळस होती. आता तिच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. नवी तुळस आम्ही पुढच्या दारी लावली होती, तिकडं ऊन चांगलं मिळतं म्हणून. इकडं कुणी येत नव्हतं.

"कळलं व्हय?" मागून मामांचा आवाज आला.

ते दुधाची पिशवी घेऊन दारात उभे होते. माझ्या हातातल्या टेस्टरकडं बघत होते. चेहरा थकलेला होता, दचकलेला नव्हता.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"जलमभर वायरी वडल्या की गं पोरी. कळंना व्हय मला?" ते पायरीवर बसले. "गिझरची कॉइल फुटलीया. करंट भांड्यात उतरतोय, भांड्यातनं ह्या हिरव्या वायरीत. घराला वायर एकच. जमीन वली असती तर जमिनीनं गिळला असता. पर जमीन वाळलीया. मग त्यो जाणार कुटं? घरातच फिरतोय."

माझं डोकं भराभर चालायला लागलं आणि जे दिसत गेलं ते बघवेना. चैत्रात आणलेल्या रबरी चपला. सगळ्यांना, स्वतःला सोडून. आम्हाला उठवायच्या आधी बंद केलेला गिझर. वन्संवरचा तो आरडाओरडा.

"आणि फरशी कशाला पुसत होता रोज?"

मामांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. "कोरड्या फरशीवर नीट लागत न्हाय ती," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यावर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. म्हटलं, "हे काय करून बसलाय मामा? एखाद्या दिवशी हात सुटलाच नसता तर? पोरगी चपला घालायला विसरली असती तर? वन्संचं काय झालं असतं?" वन्संचं नाव निघाल्यावर त्यांची मान खाली गेली. मला त्यांची कीव येत होती आणि थोबाडीत मारावीशीही वाटत होती. प्रेम करणारी माणसं काही वेळा कुणाचाच विचार करत नाहीत, आम्हा बाकीच्यांना चपला घालून देतात झालं.

"ही तुळस म्या देवासाठी लावली न्हवती," मामा त्या काड्यांकडं बघत म्हणाले. "अर्थिंगला वल लागती. रोज पाणी कोण घालणार? म्हणून तुळस लावली आन तिला म्हणालो, तू रोज पाणी घाल. तिनं इचारलं, देव न मानणारा माणूस तुमी, आज तुळस कशापायी? मग सांगिटलं खरं काय ते. म्हणाली, आन एखाद्या दिशी न्हाय घातलं तर? मी म्हणालो, तर घर चावंल तुला. त्यावर हसली. माझ्या मनगटावर हात मारला आन म्हणाली, मी मेल्यावर चावू दे की. तवा तरी माझी आटवण काढशीला."

मामांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. "चैतात पयल्यांदा झटका बसला तवाच कळलं, काय झालंय ते. गिझरची वायर तोडायला पकड बी घेतली हातात. तोडवंना. ती बोलली हुती तसं करत हुती, पोरी. मी कशी तोडू?"

मी न्हाणीघरात गेले आणि बादली नळाखाली लावली. भरलेली बादली घेऊन परत आले तसे मामा उठून उभे राहिले.

"वतू नगं," ते म्हणाले. "आज ऱ्हाऊ दे. उद्याची सकाळ तेवढी. एकच डाव. मग तू म्हणशील तसं."

त्यांनी माझ्याकडं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा. आणि मला काय माझ्या मनाचं माहीत नव्हतं? तासाभरापूर्वी ती टकटक माझ्या मनगटावरही झाली होती. मी त्यांच्याहून कमी लोभी नव्हते. बादली माझ्या हातात जड होत होती आणि मी ती खाली ठेवणार होते. उद्याची सकाळ, आम्ही दोघं, एकदाच. बघायला कोण येतंय.

मागचं दार वाजलं. माझी मुलगी डोळे चोळत पायरीवर आली. "आई, फ्रीजमधला आंबा घेऊ?" तिच्या पायात चपला नव्हत्या.

मी बादली ओतली. भेगांतून पाणी आत गेलं. माती कितीतरी वेळ पीत होती, वर थेंब राहू देत नव्हती. मी आणखी एक बादली आणली, मग आणखी एक. मामा भिंतीला टेकून बघत राहिले. त्यांनी मला अडवलं नाही. मुलगी म्हणाली, "वाळलेल्या झाडाला कशाला पाणी घालतीयास?"

दुपारी बाहेरचा वायरमन येऊन गिझर उतरवून घेऊन गेला. मी घट भरून ठेवला, नैवेद्य दाखवला. मामा जेवले नाहीत. नवरा रात्री आला, त्याला मी गिझर बिघडला होता एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "तरी म्हटलं आबांच्या हाताला मुंग्या कशा." आजही त्याला एवढंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याचा आवाज आला. मग बटणाचा. गिझर भिंतीवर नव्हता तरी त्यांनी बटण टाकलं. मी उठून दाराशी गेले. मामा फ्रीजसमोर उभे होते. हात मुठीवर, डोळे मिटलेले, पाय ओल्या फरशीवर. हात थरथरत नव्हता. बाहेर उजाडलं, रस्त्यावर दूधवाल्याची गाडी येऊन गेली, तरी ते तसेच उभे होते. मग त्यांनी एकेक बोट सोडवून हात काढून घेतला आणि माझ्याकडं वळले.

"गेली," ते म्हणाले.

आणि ते खाली बसले. तेराव्यालाही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ते मामा गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. आवाज ऐकून नवरा आणि मुलगी दारात येऊन थांबली. मी मामांजवळ ओल्या फरशीवर बसले. आत्या गेल्या होत्या, आणि ते आम्हा दोघांनाही आत्ता कुठं कळत होतं.